ऑइस्टिन्स: शुक्रवारच्या रात्रीपलीकडचे मासळीगाव

बार्बाडोसला जाणार असे सांगितल्यावर ज्याने त्याने आम्हाला एकच सल्ला दिला: शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला जा आणि पोटभर मासे खा. सल्ला चुकीचा नव्हता. आम्ही गेलो, खाल्ले आणि तृप्तही झालो. पण नऊ दिवस त्या गावाच्या शेजारी राहिल्यावर माझ्या मनात जे ऑइस्टिन्स राहिले आहे, ते शुक्रवारच्या रात्रीचे नसून मंगळवारी दुपारी साडेतीन वाजताचे आहे. त्या वेळी बोटी धक्क्याला लागत होत्या, मासळीबाजाराची ओली फरशी उन्हात चमकत होती आणि माझी आई एका अनोळखी बाईच्या हातातल्या सुरीकडे श्वास रोखून पाहत होती. हे गाव आधी कोळ्यांचे आहे आणि मग पर्यटकांचे, ही गोष्ट ध्यानात ठेवून तिथे गेले तर खाणेही अधिक चांगले मिळते आणि दिवसही अधिक चांगले जातात, असे मला मनापासून वाटते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बार्बाडोस हे कॅरिबियन बेटांच्या माळेतले सर्वांत पूर्वेकडचे बेट. लांबी सुमारे ३४ किलोमीटर, रुंदी जेमतेम २३. दक्षिण किनाऱ्यावरच्या क्राइस्ट चर्च या परगण्यात ऑइस्टिन्स वसले आहे आणि विमानतळापासून ते इतके जवळ आहे की सामान घेऊन बाहेर पडल्यावर पाव तासात आम्ही मुक्कामी पोहोचलो होतो. आम्ही टोरंटोहून तिघे गेलो होतो: मी, माझा नवरा आणि मालवणहून हिवाळ्यासाठी आमच्याकडे आलेली आई. आईचे वय सत्तरीचे, गुडघे दुखरे आणि मासे ओळखण्यातली नजर अजून तीक्ष्ण. मोठ्या हॉटेलऐवजी आम्ही एंटरप्राइज किनाऱ्याजवळच्या एका घराचा स्वयंपाकघरासह असलेला खालचा मजला भाड्याने घेतला. ज्यांना मासे विकत घेऊन स्वतः शिजवायचे आहेत त्यांनी असेच करावे. तसे न केल्यास या गावाची अर्धी गोडी हातची जाते.

आता आधी त्या शुक्रवारबद्दल, कारण बहुतेक वाचकांना तेच हवे असणार. समुद्राला लागूनच बे गार्डन्स नावाचे मोकळे आवार आहे. तिथे रंगीत लाकडी टपऱ्यांची रांग आहे आणि प्रत्येक टपरीसमोर लांब बाकडी मांडलेली असतात. शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येक टपरीच्या पुढ्यात निखाऱ्यांच्या शेगड्या पेटतात. धुराला लिंबाचा, थाइमचा आणि जळत्या चरबीचा वास असतो, आणि तो वास रस्त्यापलीकडच्या बसथांब्यापर्यंत येतो. फलकावर माशांची नावे आणि दर लिहिलेले असतात. मासा निवडायचा, भाजलेला हवा की तळलेला ते सांगायचे, सोबतचे दोन पदार्थ ठरवायचे आणि बाकड्यावर जागा धरायची.

फलकावरची नावे वाचताना एक खबरदारी घ्यावी. तिथे ‘डॉल्फिन’ असे लिहिलेले दिसले तर दचकू नये. तो सस्तन प्राणी नव्हे. माही-माही नावाच्या मोठ्या, चकचकीत माशाला बेजन लोक, म्हणजे बार्बाडोसचे रहिवासी, पूर्वापार डॉल्फिनच म्हणतात. पांढरे, घट्ट आणि मोठ्या पाकळ्यांचे मांस असल्यामुळे तो निखाऱ्यावर उत्तम भाजतो. मार्लिन त्याहून दाट असतो आणि फार वेळ शेगडीवर राहिला तर कोरडा पडतो. किंगफिश हा आपल्या सुरमईच्याच कुळातला आणि ट्यूना म्हणजे आपला कुपा. आईने क्षणभरही विचार न करता किंगफिश मागवला, नवऱ्याने मार्लिन आणि मी डॉल्फिन. तिघांच्या ताटांची अदलाबदल झाल्यावर एकमताने डॉल्फिन पहिला आला.

त्या चवीचे श्रेय मुख्यतः हिरव्या वाटणाला जाते. कांद्याची पात, लसूण, कांदा, थाइम, मार्जोरम, लिंबू आणि स्कॉच बॉनेट जातीची मिरची वाटून बेजन घरांत बरण्या भरून ठेवतात आणि मासा असो वा कोंबडी, मांसाला चिरा पाडून हे वाटण आत दाबून भरतात. वरून लावण्यापेक्षा आत भरण्यावर त्यांचा भर असतो. त्यामुळे भाजताना मसाला करपत नाही आणि प्रत्येक घासात तो सापडतो. टेबलावर पिवळ्या रंगाची पातळ चटणी असते, ती मोहरी आणि त्याच मिरचीची. तिचा पिवळा रंग पाहून ती सौम्य असेल असा समज करून घेऊ नये. आमच्या घरी मालवणी मसाला चिमटीने नव्हे तर चमच्याने पडतो, तरी आईनेही दुसऱ्यांदा ती जपूनच घेतली. सोबत मिळणारी मॅकरोनी पाय ही या बेटाची जीव लावून जपलेली गोष्ट आहे. मॅकरोनी, चीज, दूध आणि थोडी मोहरी यांचा भाजलेला थर चौकोनी वडीसारखा कापून देतात. सोबतीला कडधान्य घालून शिजवलेला भात आणि तळलेली राजेळीसारखी मोठी केळीही असतात.

पहिल्या शुक्रवारी आम्ही आठ वाजता पोहोचलो आणि तीच आमची चूक झाली. पर्यटकांच्या गाड्या त्याच सुमारास येतात. एका टपरीसमोर आम्ही सव्वा तास उभे राहिलो आणि ताट हाती आले तेव्हा मासा कोमट झाला होता. आईचे पाय सुजले. दुसऱ्या शुक्रवारी आम्ही सहाच्या आधी गेलो, अंधार पडण्यापूर्वी जेवलो आणि मग निवांत बसून राहिलो. अंकल जॉर्ज फिश नेट ग्रिल हे इथले नाव झालेले ठिकाण. तिथली रांग लवकर वाढते, पण लवकर गेल्यास सहज जागा मिळते. माझे मत विचाराल तर एका नावाचा हट्ट धरण्यापेक्षा ज्या शेगडीसमोर गावातलीच माणसे उभी आहेत तिथे उभे राहावे.

जेवणानंतर लगेच उठून जाऊ नये. आवाराच्या एका बाजूला मोठमोठ्या ध्वनिक्षेपकांवर सोका आणि रेगे वाजत असते आणि तरुण मंडळी तिथे गर्दी करतात. दुसऱ्या बाजूला मात्र जुन्या गाण्यांवर वयस्कर जोडपी शिस्तीत नाचत असतात. पांढऱ्या सदऱ्यातले एक आजोबा हातात हात घेऊन, पाठ ताठ ठेवून, पावले मोजून नाचत होते. त्यांच्या चेहऱ्यावर देवळात आरतीला उभे राहणाऱ्या माणसाइतके गांभीर्य होते. पलीकडे डोमिनोजचे फड बसले होते. सोंगटी टेबलावर ठेवायची नसते, ती आपटायची असते, आणि त्या आवाजावरूनच डाव कुणाचा वरचढ आहे ते आजूबाजूच्यांना कळते. आई त्या नाचणाऱ्यांकडे तास-दीड तास पाहत बसली आणि मग म्हणाली, “ह्या वयात आपल्याकडे माणसांना कुणी असं जागेवरून उठू देत नाही गं.”

आता मंगळवार.

मासळीबाजार बे गार्डन्सला लागूनच आहे. सकाळी तिथे थोडीफार विक्री असते, पण खरी लगबग दुपारनंतर, बोटी परतू लागल्या की सुरू होते. एका दिवसात जाऊन येणाऱ्या छोट्या बोटी आणि बर्फ भरून अनेक दिवस समुद्रात राहणाऱ्या मोठ्या बोटी असे दोन प्रकार इथे दिसतात. डिसेंबर ते जून हा साधारणपणे उडणाऱ्या माशांचा हंगाम आणि आम्ही फेब्रुवारीच्या अखेरीस गेलो असल्यामुळे ते पाहायला मिळाले. हा मासा वीतभर लांबीचा, पाठीवर निळसर आणि पोटाकडे चंदेरी असतो. त्याचे छातीजवळचे पर इतके लांब असतात की मिटल्यावर ते शेपटीच्या जवळ पोहोचतात. हा मासा पक्ष्यासारखा पंख मारत नाही. पाण्याबाहेर झेप घेऊन पर ताणतो आणि वाऱ्यावर तरंगत जातो. तरंगणाऱ्या वस्तूंवर अंडी घालण्याची त्याची सवय आहे. तिचा फायदा घेऊन इथले कोळी उसाच्या वाळल्या पाचोळ्याचे भारे पाण्यावर सोडत आणि मासा त्याच्या आसऱ्याला आला की जाळे टाकीत.

बार्बाडोसला उडणाऱ्या माशांचा देश म्हणतात आणि त्यांच्या एक डॉलरच्या नाण्यावर हाच मासा आहे. याच माशावरून शेजारच्या त्रिनिदाद आणि टोबॅगोशी त्यांचा वाद इतका विकोपाला गेला होता की सागरी हद्दीचा खटला आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. २००६ मध्ये निकाल लागला. हद्द आखून मिळाली, पण टोबॅगोच्या पाण्यात मासे धरण्याचा हक्क बार्बाडोसच्या कोळ्यांना मिळाला नाही आणि दोन्ही देशांनी आपसांत करार करावा असे लवादाने सांगितले. गेल्या काही वर्षांत पकडही घटली आहे, ही चिंता बाजारात कुणाशीही दोन शब्द बोलले तरी ऐकू येते.

या माशाची अडचण त्याच्या काट्यांत आहे. मधला काटा सहज निघतो, पण दोन्ही बाजूंच्या मांसात केसासारख्या बारीक काट्यांची रांग असते. म्हणून ऑइस्टिन्सच्या बाजारात काटे काढून देणाऱ्या बायकांचे कसब हेच खरे वैभव आहे. आम्ही ज्यांच्यासमोर उभे होतो त्या बाईंनी पिवळा रबरी एप्रन घातला होता आणि त्यांच्या सुरीचे पाते वर्षानुवर्षे धार लावून दाभणासारखे निमुळते झाले होते. डाव्या हाताने मासा फळीवर सपाट दाबायचा, पाठीकडून सुरी शेपटीपर्यंत सरकवायची, मासा पुस्तकासारखा उघडायचा, मधला काटा एका झटक्याने उचलायचा आणि मग दोन्ही बाजूंना तिरकस काप देऊन बारीक काट्यांची अख्खी पट्टी दोऱ्यासारखी ओढून काढायची. हे सगळे होईपर्यंत मी मनात पंधरापर्यंतही पोहोचले नव्हते. मासा कुठेही फाटत नव्हता. शेपटीकडे दोन्ही बाजू जोडलेल्याच राहत होत्या.

आई पुढे झाली आणि तिने कापलेल्या माशावरून बोट फिरवले. एकही काटा लागला नाही. तिने त्या बाईंकडे पाहून हात जोडले. त्यांनी हसून सुरीची मूठ आईपुढे धरली. आईने घेतली, पहिला मासा थोडा बिघडला, दुसऱ्यात मधला काटा नीट निघाला, पण बाजूची पट्टी काही तिला साधली नाही. त्या बाईंनी आईचे मनगट धरून पात्याचा कोन बदलला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बेजन बोली तर इंग्रजी जाणणाऱ्या मलाही निम्मीच कळत होती. तरी त्या दहा मिनिटांत त्यांनी मासा, सुरी आणि गुडघेदुखी या तिन्ही विषयांवर पुरेसे बोलणे केले. काटे काढलेले हे मासे दहा-दहाच्या पिशव्यांतून विकतात. आम्ही एक पिशवी घेतली आणि आईने बिघडवलेल्या माशाचेही पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत.

बाजारामागच्या धक्क्यावर जरूर जावे. साफसफाईत फेकलेल्या तुकड्यांसाठी समुद्री कासवे तिथे येतात आणि स्वच्छ पाण्यात वरून स्पष्ट दिसतात. पैसे भरून नावेतून कासवे पाहायला नेणाऱ्या सहली पश्चिम किनाऱ्यावर पुष्कळ आहेत, पण आम्हाला इथे उभ्याउभ्या तीन कासवे आणि एक पाकट दिसली. कासवांना हात लावू नये आणि काही खायलाही घालू नये. बार्बाडोसमध्ये १९९८ पासून त्यांच्या शिकारीवर बंदी आहे आणि उन्हाळ्यात हॉक्सबिल जातीच्या माद्या याच किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात.

त्या संध्याकाळी घरी जे शिजले त्याबद्दल शेवटी लिहीन. त्याआधी कूकूबद्दल, कारण कूकू आणि उडणारा मासा हे बार्बाडोसचे राष्ट्रीय जेवण आहे आणि मराठी माणसाला ते लगेच ओळखीचे वाटेल. भेंडी चिरून पाण्यात उकळायची, ते बुळबुळीत पाणी गाळून घ्यायचे आणि भिजवलेल्या मक्याच्या पिठात थोडे थोडे घालत घाटत राहायचे. घाटण्यासाठी खास चपटा लाकडी दांडा असतो. तो हाताला जड लागू लागला आणि पीठ भांड्याच्या कडा सोडू लागले की कूकू झाली. मग लोणी फासलेल्या वाडग्यात घालून ती ताटात पालथी करायची, मध्ये खळगा करायचा आणि टोमॅटो, कांदा, थाइम यांच्या रश्शात वाफवलेला मासा त्यावर वाढायचा. म्हणजे आपली उकडच, फक्त ताकाऐवजी भेंडीच्या पाण्यातली. भेंडीची मूळ भूमी आफ्रिका आणि हा पदार्थही गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर इथे आला. घरोघरी तो परंपरेने शुक्रवारी होतो, म्हणून शुक्रवारी दुपारी साध्या खानावळीत तो मागावा. रात्रीच्या भाजलेल्या माशांच्या गर्दीत त्याची आठवण फार थोड्यांना राहते. शनिवारचा पदार्थ म्हणजे पुडिंग अँड साउस: लिंबू, काकडी आणि मिरचीत मुरवलेले डुकराचे मांस आणि सोबत वाफवलेल्या रताळ्याचा लगदा. नवऱ्याने तो आवडीने खाल्ला. आईचा शनिवार होता आणि मला ती चव फारशी रुचली नाही.

आईच्या शनिवार-सोमवारमुळे शाकाहाराचाही शोध आपोआप झाला. त्रिनिदादकडून आलेली रोटी बार्बाडोसमध्ये सर्वत्र मिळते. शेफेट या १९७२ पासूनच्या स्थानिक दुकानसाखळीतही ती असते. उत्तर भारतातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या गिरमिटिया मजुरांची ही ठेव. मोठ्या, मऊ पोळीत बटाटा आणि हरभऱ्याची रस्सेदार भाजी गुंडाळलेली असते. जिरे-हळदीचा वास येताच आईचा चेहरा खुलला. पण तिला खरा आनंद झाला तो रस्त्याकडेच्या एका शेगडीवर अख्खा भाजलेला नीरफणस पाहून. काळ्या पडलेल्या सालीच्या आत पिवळसर, पिठूळ, धुराच्या वासाचा गर होता. आमच्या परसात नीरफणसाचे झाड आहे आणि त्याच्या कापांशिवाय घरचा श्रावण होत नाही. तेच फळ प्रशांत महासागरातल्या बेटांवरून १७९३ मध्ये कॅप्टन ब्लायच्या जहाजाने कॅरिबियनमध्ये आणले, ते मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात जगवण्यासाठी. हे आईला सांगितले तेव्हा ती हातातला तुकडा खाता खाता थांबली होती.

दिवस कसा घालवावा हे विचाराल तर त्याची सुरुवात पहाटे एंटरप्राइज किनाऱ्यावर करावी. सगळे गाव त्याला मायामी बीच म्हणते. इथल्या माणसांची ‘सी बाथ’ नावाची सवय आहे. सहाच्या सुमारास, कामावर जाण्याआधी, शेजारीपाजारी छातीभर पाण्यात गोल करून उभे राहतात आणि गप्पा मारतात. कुणी पोहत नाही, कुणाला घाईही नसते. आम्ही पाण्यात उतरताना “गुड मॉर्निंग” म्हटले आणि लगेच गोलात जागा झाली. बसमध्ये चढताना, दुकानात शिरताना, सरकारी कार्यालयात रांगेत उभे राहतानाही आधी अभिवादन करायचे असते. न केल्यास माणसे तोंडावर काही बोलत नाहीत, पण दुखावतात. किनाऱ्याची एक बाजू शांत आहे, वयस्कर माणसांना आणि मुलांना चालेल अशी; वळणापलीकडे लाटा मोठ्या आहेत. सुरूच्या झाडांची सावली आहे आणि तिथेच मिस्टर डिलिशस नावाची खाण्याची गाडी उभी असते. त्यांच्याकडचा फिश कटर, म्हणजे खारट पावात तळलेला मासा, पोहून आल्यावर अमृतासारखा लागतो. खारट पाव हे फक्त नाव; तो चवीला खारट नसतो. त्याच पावात खारवलेल्या कॉड माशाची दोन भजी घालून दिली की त्याला ‘ब्रेड अँड टू’ म्हणतात.

किनाऱ्यावरच्या एका झाडापासून मात्र सावध राहावे. मँचिनील नावाचे हे झाड हिरवेगार, छोट्या सफरचंदासारख्या फळांचे आणि अत्यंत विषारी असते. त्याचा चीक कातडीला लागला तर फोड येतात आणि पावसात त्याखाली उभे राहिले तरी पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्याने अंग भाजते. बऱ्याच ठिकाणी अशा झाडांच्या खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो. दुसरी सूचना कपड्यांची: सैनिकी छाप असलेले कपडे घालण्यास या देशात नागरिकांना कायद्याने मनाई आहे, अगदी लहान मुलांनाही. शिवाय २०११ पासून कॅरिबियनमध्ये सारगॅसम नावाच्या शेवाळाचे लोंढे येतात. पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर ते अधिक साचते आणि कुजले की त्याला उग्र वास येतो. आम्हाला दोन दिवस ते लागले. तेव्हा आम्ही पश्चिमेकडे गेलो.

फिरण्यासाठी गाडी भाड्याने घेण्याची गरज आम्हाला भासली नाही. निळ्या बस सरकारी, पिवळ्या मिनीबस खासगी आणि पांढऱ्या छोट्या व्हॅनना त्यांच्या पाटीवरच्या अक्षरांवरून ‘झेड आर’ म्हणतात. तिन्हींचे भाडे कितीही अंतरासाठी साडेतीन बार्बाडोस डॉलर होते, आणि बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, हा दर १९७५ पासून बदललेला नाही. थांब्यांवर ‘शहराकडे’ आणि ‘शहराबाहेर’ एवढेच लिहिलेले असते. राजधानी ब्रिजटाउनच्या दिशेने जायचे असेल तर पहिल्या पाटीखाली उभे राहायचे. पांढऱ्या व्हॅनमध्ये संगीत छातीत धडधडते आणि चालक वेगात असतो, म्हणून आईला घेऊन आम्ही निळ्या बसनेच गेलो. टॅक्सींना मीटर नसतो. बसण्यापूर्वी भाडे ठरवून घ्यावे. एका चालकाने उतरताना ठरल्याहून जास्त पैसे मागितले तेव्हा आम्ही ठरलेला आकडा शांतपणे पुन्हा सांगितला आणि प्रश्न मिटला.

गावाचा इतिहासही पायी फिरून पाहण्यासारखा आहे. जानेवारी १६५२ मध्ये, इंग्लंडमधल्या यादवीनंतर, राजाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या इथल्या मळेवाल्यांनी राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलच्या बाजूच्या आरमारापुढे शरणागती पत्करली तो करार याच गावातल्या एका खाणावळीत झाला. टेकडीवरच्या चर्चच्या आवारात चेस घराण्याची ती सुप्रसिद्ध कबर आहे, जिच्यातल्या शवपेट्या एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपोआप जागा बदलत असल्याची कथा सांगतात. मला कथेपेक्षा तिथून दिसणारा समुद्र अधिक आवडला. दक्षिण टोकावरचे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे दीपगृह ओतीव लोखंडाचे आहे. १८५१ च्या लंडनमधल्या भव्य प्रदर्शनात मांडलेले ते सुटे करून इथे आणून १८५२ मध्ये उभारले. तिथून जवळच सिल्व्हर सँड्सला वाऱ्यावर पतंग बांधून लाटांवर घसरणारे लोक दिसतात.

ब्रिजटाउनला आम्ही एकच दिवस दिला. सकाळी कार्लाइल उपसागरात नवरा बुडालेली जहाजे पाहायला पाण्यात उतरला. ती इतक्या कमी खोलीवर आहेत की तोंडात नळी धरून वरूनच दिसतात. दुपारी जवळच्या कझ्झ फिश शॅकचा कटर खाल्ला. त्यानंतर केन्सिंग्टन ओव्हल. २९ जून २०२४ रोजी याच मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला आणि बोरिवलीत वाढलेल्या रोहित शर्माने खेळपट्टीवरचे मातीचे कण उचलून तोंडात घातले. तो सामना आम्ही टोरंटोत रडत पाहिला होता. आईच्या आठवणी मात्र १९७१ च्या होत्या: याच ओव्हलवर दिलीप सरदेसाईंनी १५० धावा काढल्या आणि दुसऱ्या डावात सुनील गावसकर ११७ वर नाबाद राहिले. तेव्हा मालवणात वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी दुपारी यायचे आणि तिचे वडील ते ओसरीवर मोठ्याने वाचायचे. मैदानाबाहेरच्या गारफिल्ड सोबर्स यांच्या पुतळ्यासमोर तिने आपणहून छायाचित्र काढून घेतले. आम्ही रोज पोहायला जात होतो त्या एंटरप्राइजमध्येच वेस्ट इंडीजचे ताडमाड उंच वेगवान गोलंदाज जोएल गार्नर जन्मले, हे तिला परतीच्या बसमध्ये कळले, आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर दिसलेल्या प्रत्येक उंच माणसाकडे ती आदराने पाहू लागली.

विश्वचषकानंतर भारतीय संघ काही दिवस याच बेटावर अडकून पडला होता हे अनेकांना आठवत असेल. बेरिल चक्रीवादळ १ जुलै २०२४ रोजी बार्बाडोसच्या दक्षिणेकडून गेले. बेटावरची घरे बरीचशी वाचली, पण लाटांनी मासेमारीच्या बोटींचा मोठा घास घेतला, आणि सुरक्षित म्हणून बंदरात नेऊन बांधलेल्या बोटीही एकमेकींवर आपटून फुटल्या. आम्ही गेलो तेव्हा आठ महिने होत आले होते, तरी काही बोटी अजून जमिनीवर टेकवून ठेवलेल्या दिसल्या. तळाच्या फळ्या बदललेल्या, नवा रंग अर्धा दिलेला. आपल्याला त्या संघाचे चार्टर विमान आठवते. ऑइस्टिन्सच्या बाजारात बेरिल म्हटले की बोटींची नावे निघतात.

आता त्या मंगळवारची संध्याकाळ. पिशवीतल्या दहा माशांपैकी पाच आईने तिच्या पद्धतीने केले: हळद, मीठ, बरोबर आणलेला मालवणी मसाला आणि कोकमाऐवजी लिंबू. तांदळाचे पीठ मिळाले नाही, म्हणून मक्याच्या पिठात घोळवून तळले. उरलेले पाच मी बाजारातून आणलेल्या हिरव्या वाटणाने भरले आणि ब्रेडचा चुरा लावून, बेजन रीतीने. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाई वासाने खाली आल्या. त्यांनी आईचा एक मासा खाल्ला, मग दुसरा, आणि मसाल्याची डबी उघडून बराच वेळ वास घेत राहिल्या. आईने निम्मा मसाला त्यांना काढून दिला. त्यांनी वर जाऊन घरी केलेल्या वाटणाची बरणी आणून दिली आणि त्यात त्या मार्जोरम जास्त घालतात, असे मला तीनदा बजावले. आई सकाळी उठली तेव्हा दोन मासे उरले होते. ते तिने खारट पावात घातले, कागदात गुंडाळले आणि सहा वाजता आम्ही समुद्रावर गेलो. पाण्यातल्या गोलात घरमालकीणबाई आधीच उभ्या होत्या.